बाळंतिणीचा वास

धाकटीच्या नाकाला लाँड्रीत मान होता. तीन हॉस्पिटलांचे मळके कपडे त्या लाँड्रीत येत, गाठी मारलेल्या लाल पिशव्यांतून. पिशवी टेबलावर आपटली की गाठ सुटायच्या आधीच धाकटी सांगायची, हे हाडांच्या वॉर्डातलं, हे म्हाताऱ्यांचं, हे बाळंतिणींचं. मुकादम सुरुवातीला हसला. मग त्याने एकदा पैज लावून पाहिली, सलग अकरा पिशव्या, आणि त्या दिवसापासून तिला निवडीच्या टेबलावर कायमचं उभं केलं. बक्षीस ते असं. नाक चांगलं म्हणून दिवसाचे आठ तास घाणीत नाक खुपसायला मिळालं.

पण तिला त्या कामाची किळस नव्हती. रक्त काय, मूत काय, माणसाच्याच अंगातून निघालेलं, उकळत्या पाण्यात गेलं की संपलं. चादर झटकायची आणि तिच्यात अडकलेलं वेगळं काढायचं, एवढंच काम. चष्मे निघत, कवळ्या निघत, कधी कात्री निघे. सगळ्यात जास्त निघत ते गॉजचे बोळे. त्यांच्यात एक निळा दोरा विणलेला असे, रक्ताने भिजले तरी ओळखू यावेत म्हणून. चिमट्याने उचलायचे आणि ट्रेमध्ये टाकायचे. नव्या बायका पहिल्या आठवड्यात ओकायच्या. धाकटी ओकली नव्हती.

धाकटी हे तिचं घरातलं नाव. नवऱ्याच्या मागोमाग ती या देशात आली त्याला चार वर्षं झाली होती. नवरा फरशा बसवायचा. थोरला दीर ट्रक चालवायचा आणि महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर असायचा. थोरली जाऊ घरी राहून शिवणकाम करायची. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि चौघं माणसं. इथली भाषा धाकटी लाँड्रीत शिकली, त्यामुळे शिव्या आधी आल्या आणि व्याकरण मागाहून आलं. उच्चार तर आपल्या वळणाचेच राहिले. पण समजायचं सगळं.

दिवस राहिले तेव्हा ती पहिल्या तपासणीला एकटीच गेली. नर्सने काहीतरी विचारलं, ते इतकं भरभर आणि खाली मान घालून, की धाकटीच्या तोंडून "काय?" एवढंच निघालं. नर्सने फाइलमधल्या एका चौकोनात खूण केली. भाषा येत नाही. झालं. ती खूण मग नऊ महिने धाकटीच्या चार पावलं पुढे चालत राहिली. प्रत्येक खोलीत फाइल आधी पोचायची आणि धाकटी नंतर.

कुणी तिच्याशी बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं ओरडून बोले. बाकीचे बोलतच नसत, ते नवऱ्याशी बोलत. नवरा बिचारा तिच्याहून कच्चा. त्याला फरशी, सिमेंट, उतार, पाणी मुरतं, असले कामापुरते शब्द यायचे. बाळाभोवतीचं पाणी कमी आहे असं त्याला सांगितलं की तो गंभीरपणे मान डोलवायचा आणि बाहेर आल्यावर तिलाच विचारायचा, काय म्हणाल्या गं त्या? ती सांगायची. दोघं हसायचेही. तेव्हा हसू येत होतं.

आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली होती. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईला नर्स अहो-जाहो करायची, पाठीवर हात ठेवायची. धाकटीची पाळी आली की, "ए, झोप इथे. पाय वर घे." धाकटीने ते मनावर घेतलं नाही. मुकादमही तसाच बोलतो, म्हणून सोडून दिलं.

सकाळी सातला कळा घेऊन ती हॉस्पिटलात पोचली. नवऱ्याला बाहेरच्या बाकावर बसवलं. लेबर रूममध्ये दोन नर्सा होत्या, एक ढोली आणि एक चष्मेवाली. दहाच्या सुमारास कळा इतक्या वाढल्या की धाकटीने चष्मेवालीला स्पष्ट सांगितलं, मला दुखणं कमी करायचं इंजेक्शन द्या. ते वाक्य तिने आदल्या आठवड्यात पाठ करून ठेवलं होतं, चुकायला नको म्हणून. चष्मेवालीने ढोलीकडे पाहिलं.

"पाणी मागतेय बहुतेक," ढोली म्हणाली.

तिला पाणी मिळालं. तासाभराने तिने पुन्हा तेच वाक्य म्हटलं आणि पुन्हा पाणी मिळालं. मग तिने वाक्य सोडलं आणि ती ओरडली. तेव्हा ढोली तिला म्हणाली, ओरडून लवकर होत नाही, तोंड मीट. आणि चष्मेवालीला, धाकटी जणू भिंतीपलीकडे असावी तसं, म्हणाली, "या बायकांचं दुखणं कमी आणि तोंड जास्त. पाच-पाच काढतात, तरी दर वेळी पहिलटकरणीसारख्या."

धाकटी पहिलटकरीणच होती. फाइलमध्ये तेही लिहिलेलं होतं.

दुपारी तीनला मुलगी झाली. चांगली, धडधाकट, काळ्याभोर केसांची. तिला पुसून धाकटीच्या छातीवर ठेवलं आणि पुढची पंधरा मिनिटं धाकटीला कुणी काहीही केलं असतं तरी चाललं असतं. खाली फाटलं होतं, टाके घालायचे होते. एक तरुण डॉक्टर आला. त्याने रक्त टिपायला बोळे आत सरकवले, सुई हातात घेतली आणि ढोलीशी गप्पा सुरू केल्या. त्याच्या घरचं न्हाणीघर. नव्या फरशा घातल्या, हिरवट रंगाच्या, तर सहा महिन्यांत तीन निघाल्या. "ते बाहेरून आलेले लोक असतात ना," तो म्हणाला, "वरून चकचकीत करतात आणि खाली पोकळ. अर्धवट टाकून पळतात, मग शोधत बसा." ढोली हसली. धाकटीचं लक्ष त्या वाक्याकडे गेलं ते नवऱ्यामुळे. फरशी हा शब्द ती झोपेतही ओळखली असती. तिला वाटलं, सांगावं याला की उतार चुकला असेल, माझा नवरा बघून देईल. एवढी भोळी होती ती त्या घटकेला.

मधेच त्याला बाजूच्या खोलीतून हाक आली. त्याने सुई चष्मेवालीकडे दिली. चष्मेवालीने विचारलं, "मोजले का?" तो दारातून म्हणाला, "मोजले, मोजले." आणि गेला. उरलेले दोन टाके चष्मेवालीने घातले.

तिसऱ्या दिवशी धाकटी घरी आली.

सहाव्या दिवशी वास सुरू झाला.

आधी तिला वाटलं, बाळाचं लंगोट कुठेतरी राहिलंय. पलंगाखाली पाहिलं, कोपरे पाहिले. मग कळलं की वास आपल्याबरोबर फिरतोय. बाळंतिणीच्या अंगावरून जातं त्याचा वास तिला चांगला ठाऊक होता. चार वर्षं ती त्या वॉर्डाच्या चादरी झटकत होती. तो लोखंडासारखा, थोडा गोडसर. हा तो नव्हता. हा कुजल्याचा होता. फुलदाणीतलं पाणी पंधरा दिवस बदललं नाही की देठ बुळबुळीत होतात, तसा, आणि त्याच्या खाली उंदीर मेल्याचा. तिने अंघोळ केली. संध्याकाळी पुन्हा केली. दुसऱ्या दिवशी तीनदा.

आठव्या दिवशी घरभेटीची नर्स आली. ती खुर्चीच्या कडेवर टेकली, अंगातला कोट काढला नाही. बाळाचं वजन केलं, छान म्हणाली. धाकटीने तिला सांगितलं की मला आतून घाण वास येतो, हा नेहमीचा नाही, मला वास कळतात.

"बाळंतिणीला वास येतोच," नर्स म्हणाली. "दिवसातून किती वेळा धुतेस?"

"सहा वेळा."

नर्सने कोपऱ्यातल्या मोरीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, शिवणयंत्राखालच्या चिंध्यांकडे पाहिलं, आणि विचारलं की घरात किती माणसं राहतात, पाणी रोज येतं का. मग पिशवीतून एक चित्रांचा कागद काढून दिला. चित्रात एक बाई नळाखाली हात धूत होती. नळाला डोळे काढले होते आणि तो हसत होता. जाताना नर्सने दाराची कडी रुमालाने धरली. तिला वाटलं असेल, कुणी पाहिलं नाही.

दहाव्या दिवशी अंग तापलं. धाकटी बाळाला घेऊन हॉस्पिटलात गेली. बाहेरच्या खोलीत ती बसली तेव्हा डाव्या बाजूची बाई उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली. थोड्या वेळाने उजव्या बाजूची उठली. काउंटरवरच्या मुलीने खणातून सुगंधी फवारा काढला आणि कुणाकडेही न बघता हवेत तीनदा मारला. लिंबाचा वास. लिंब आणि कुजका उंदीर. साडेतीन तास धाकटी त्या दोन वासांत बसून राहिली.

आत तोच तरुण डॉक्टर होता. त्याने तिला ओळखलं नाही. तिने सांगितलं, वास, ताप, खाली जड वाटतं, काहीतरी आहे. तपासा. शेवटचा शब्द तिने दोनदा म्हटला. त्याने खुर्ची थोडी मागे घेतली. तिला ते दिसलं, चाकांच्या खुर्चीने वीतभर मागे सरकणं. तो म्हणाला की तुमच्या लोकांत बाळंतपणानंतर अंघोळ करत नाहीत म्हणे, इथे तसं करू नकोस. साबण लाव. टाके ओले राहू देऊ नकोस. आणि गोळ्या लिहून दिल्या. तपासायचं टेबल तिच्यापासून दोन हातांवर होतं, वर नवा कागद अंथरलेला. तिच्यासाठी तो कागद कुणी चुरगाळला नाही.

घरी आल्यावर तिने न्हाणीघराची कडी लावून लाँड्रीतून आणलेली कपड्यांची पावडर पाण्यात कालवली आणि त्या पाण्यात बसली. टाके पेटले. ती दात आवळून बसून राहिली. बाहेर आली तेव्हा वास तसाच.

माणूस दुसऱ्याच्या घाणीत वर्षानुवर्षं हात घालू शकतो, पण स्वतःची घाण एक दिवस सोसत नाही. ती आरशात बघेना. मुलीला पाजताना मध्ये जाड टॉवेल धरायची आणि स्वतःचं तोंड वळवायची, आपला श्वाससुद्धा तिला लागू नये म्हणून. पोर चोखताना तिच्या चेहऱ्याकडे बघायची. धाकटी भिंतीकडे. तिच्या डोक्यात एकच येई, ही मोठी होऊन आईची आठवण काढेल तर हीच काढेल.

थोरली वाईट नव्हती. दोन वेळा गरम खायला करून देत होती, बाळाचे कपडे धूत होती. पण अकराव्या दिवशी दारात उभी राहूनच म्हणाली, "धाकटे, तुझा टॉवेल नि भांडी वेगळी ठेव बाई. वाईट वाटून घेऊ नकोस." त्याच दिवशी नवऱ्याने आपली गादी गुंडाळली. तुला आराम मिळेल, म्हणाला, पोरगी रडली तर माझी झोप मोडते, उद्या लवकर काम आहे. तीन कारणं दिली. एक पुरलं असतं. गादी स्वयंपाकघरात गेली आणि मधलं दार लागलं.

तेराव्या दिवशी दुपारी मावशी आली.

लाँड्रीत तिला सगळे बुटकी म्हणत. धाकटी तेवढी मावशी म्हणायची. ती दुसऱ्याच एका देशातून आलेली, साठीला टेकलेली. तिची भाषा धाकटीला येत नव्हती आणि धाकटीची तिला. दोघी मोडक्यातोडक्या इथल्या भाषेत बोलत आणि एकमेकींचं सगळं समजत असे. आपल्या देशात बावीस वर्षं तिने बाळंतपणं केली होती. शाळेत शिकून, परीक्षा देऊन. इथे त्या प्रमाणपत्राला कुणी विचारलं नाही, म्हणून ती चादरींच्या घड्या घालायची.

पहिली पाळी संपवून ती बाळासाठी दोन झबली घेऊन आली होती. थोरलीने दार उघडलं, मावशी आत आली, आणि खोलीच्या उंबरठ्यावर थांबली. धाकटीने पाहिलं की तिला वास आला. आता ही पण तोंड फिरवणार, म्हणून धाकटीने आधीच मान खाली घातली. मावशीने झबली टेबलावर ठेवली, बाह्या कोपरापर्यंत वर केल्या आणि थोरलीला म्हणाली, "पाणी उकळ. साबण आण. बाळाला घे आणि बाहेर बस."

दार लावून घेतल्यावर ती म्हणाली, "झोप."

"मावशी, घाण आहे," धाकटी म्हणाली.

"असू दे. झोप."

मावशीने दिवा जवळ ओढला. हातमोजे तिच्या पर्समध्ये होते, लाँड्रीतलेच. खूप वेळ ती चाचपत राहिली. एकदा फक्त, श्वास सोड, म्हणाली, आणि धाकटीला वाटलं की आतडंच बाहेर ओढलं जातंय. ओढत ओढत काहीतरी आलं, बुळबुळीत, लांब, आणि खोलीत असा भपकारा सुटला की दाराबाहेर थोरलीने खुर्ची मागे ढकलल्याचा आवाज आला. मावशी तोंडाने श्वास घेत होती. तिचे डोळे पाण्याने भरले होते, पण हात हलला नाही. तिने ते भांड्यात ठेवलं, उलट्या हाताने डोळे पुसले, मग मोरीपाशी जाऊन ओकली, चूळ भरली आणि परत आली.

धाकटी कोपरावर उठली. भांड्यात काळपट-हिरवा, चिकट गोळा होता. पहिल्यांदा तिला वाटलं, हे आपल्याच शरीराचं काहीतरी सडून पडलंय. मग त्या काळ्यातून एक निळी रेघ दिसली. असले बोळे तिने हजारो वेळा उचलले होते. तिच्या मनात आलं, ही घाण माझी नव्हती. इतके दिवस मी धूत होते ती घाण माझी नव्हतीच. आणि मग जी किळस आली ती आतापर्यंतच्या सगळ्या किळसांहून मोठी होती, कारण त्या किळसेला आता चेहरे होते.

मावशी भराभर बोलू लागली. ताप आहे, आत जखम आहे, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात जा. हे बरणीत घाल, झाकण घट्ट लाव, टाकू नको. आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "मी काढला म्हणून सांगू नको. मला इथे परवाना नाही. मला परत पाठवतील."

"मीच काढला," धाकटी म्हणाली.

हॉस्पिटलात या वेळी तिला ताबडतोब आत घेतलं, कारण ताप एकशेचारवर गेला होता आणि ते थर्मामीटर सांगत होतं, धाकटी नव्हे. सलाइन लागलं, इंजेक्शनं झाली, पाच दिवस ठेवून घेतलं. औषधांमुळे बाळाला पाजायला मनाई झाली. तिसऱ्या दिवशी तिला चाकाच्या खुर्चीवरून एका लहान खोलीत नेलं. तिथे विभागाच्या मोठ्या डॉक्टरीणबाई होत्या आणि लॅपटॉप घेतलेला एक माणूस होता. मधल्या टेबलावर कागदी रुमालांचा डबा. बाई अत्यंत गोड होत्या. अहो-जाहो करत होत्या. फोनवर एक दुभाषा बसवला होता, तो धाकटीच्या देशाची नव्हे, शेजारच्या देशाची भाषा बोलत होता. धाकटीने फोन उचलून बाजूला ठेवला.

बाईंचा पहिला प्रश्न हा, की बोळा कोणी काढला.

"मी."

"स्वतः?"

"स्वतः."

आत कुणी ठेवला हे अजून कुणी विचारलं नव्हतं. बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "तुम्ही लाँड्रीत काम करता ना? आमचे कपडे तिथेच येतात."

"हो."

"म्हणजे असे बोळे तुमच्या हाताशी येत असतील."

"रोज."

"आणि तुमच्याकडे बाळंतपणानंतर काही घरगुती उपाय करतात का? म्हणजे रक्त थांबावं म्हणून आत काही ठेवणं वगैरे? मी फक्त विचारतेय. मोकळेपणाने सांगा."

अर्थ पोटात उतरायला धाकटीला थोडा वेळ लागला. उतरला तेव्हा खरोखरच ओकारी घशापर्यंत आली. त्या स्वच्छ खोलीत, गोड आवाजात, ही बाई म्हणत होती की तिने लाँड्रीतला, दुसऱ्या कुणाच्या रक्ताचा बोळा उचलून स्वतःच्या अंगात घातला. आपली घाण धाकटीच्या अंगात ठेवून यांचं पोट भरलं नव्हतं. आता ती तिचीच आहे असं तिच्याच तोंडून वदवून घ्यायचं होतं. धाकटीने ओकारी गिळली.

"टाके घालताना," ती म्हणाली, "त्या डॉक्टरांच्या न्हाणीघराच्या तीन फरशा निघाल्या होत्या. हिरवट रंगाच्या. सहा महिन्यांत. बाहेरून आलेले लोक वरून चकचकीत करतात आणि खाली पोकळ ठेवतात, असं ते म्हणाले. अर्धवट टाकून पळतात, म्हणाले. मग त्यांना हाक आली. चष्मेवाल्या नर्सने विचारलं, मोजले का. दारातून ते म्हणाले, मोजले, मोजले. दोनदा म्हणाले. कुणी मोजले नाहीत."

व्याकरण चुकलं असेल. उच्चार तर चुकलेच. पण लॅपटॉपवरची बोटं थांबली. आणि बाईंच्या चेहऱ्यावरून कळलं की त्या फरशांची कथा त्यांनीही ऐकलेली होती.

"पण फाइलमध्ये तर तुम्हाला भाषा..." बाई म्हणाल्या.

"सगळ्यांनी मला घाण म्हटलं ते सगळं मला कळलं," धाकटी म्हणाली. "त्यासाठी दुभाषा लागला नाही."

बाईंनी रुमालांचा डबा पुढे सरकवला. धाकटीला रडू आलं नव्हतं. तिने डबा परत सरकवला.

चौकशी झाली म्हणतात. सात आठवड्यांनी पत्र आलं. तोंडाला पानं पुसणं म्हणजे काय ते ज्याला पाहायचं असेल त्याने ते पत्र वाचावं. संवादातील अडचणींमुळे आपणास झालेल्या गैरसोयीबद्दल आम्हाला खेद वाटतो. कर्मचाऱ्यांना कामाच्या पद्धतीची पुन्हा आठवण करून देण्यात आली आहे. गैरसोय हा शब्द धाकटीने तीनदा वाचला. गाडी चुकली की गैरसोय होते, असं तिला वाटत होतं. तरुण डॉक्टर दुसऱ्या विभागात गेल्याचं तिला लाँड्रीतच कळलं, कपड्यांच्या गाडीवरच्या माणसाकडून. ढोली आणि चष्मेवाली जिथे होत्या तिथे आहेत.

थोरली म्हणाली, आता पुरे कर, आपले कागद अजून पक्के व्हायचेत, उगाच नाव डोळ्यावर येईल. थोरल्या दिराचं मतही तेच, फोनवरून. धाकटीने मावशीला घरी बोलावलं आणि दोघींनी मिळून उत्तर लिहिलं. इथल्या भाषेत, पाच ओळी, त्यात चुका किती असतील देव जाणे. अडचण संवादाची नव्हती, मी बोलत होते, असं त्यात होतं. ते पत्र तिने स्वतः पेटीत टाकलं. त्याला उत्तर आलं नाही.

दूध आटलं ते परत आलं नाही. पोरगी बाटलीवर वाढते आहे, गुटगुटीत आहे. बाटली धरून तिच्या तोंडाकडे बघायला आता धाकटीला भीती वाटत नाही.

तीन महिन्यांनी ती कामावर गेली. मुकादम म्हणाला, तुझी जागा ठेवली आहे, निवडीचं टेबल. मळक्या पिशव्यांचं तिला काहीच वाटलं नाही. पण दुपारी धुऊन, इस्त्री होऊन, पांढऱ्याशुभ्र चादरींचे गठ्ठे त्या हॉस्पिटलचा शिक्का घेऊन पुढून गेले आणि तिला भडभडून आलं. ती बाहेर जाऊन भिंतीला धरून ओकली. चार वर्षांत पहिल्यांदा. मावशी पाणी घेऊन आली. तेव्हापासून गाडीत भरायच्या वेळी धाकटी जागेवरून उठते.

राहता राहिला नवरा. तो सरळ माणूस. हॉस्पिटलात पाच दिवस बाकावर बसून होता, पोरीला दर तीन तासांनी दूध पाजत होता, पत्र आल्यावर चिडला, फाडायला निघाला होता. ती घरी आल्यावर काही आठवडे तो स्वयंपाकघरातच झोपला, तिला विश्रांती हवी म्हणून. मग एका रविवारी दुपारी, थोरली बाहेर गेलेली असताना, तो गुंडाळलेली गादी खांद्यावर घेऊन आत आला.

"आता बरी आहेस ना," तो म्हणाला. हसरा होता.

धाकटी कपड्यांच्या घड्या घालत होती. लग्न झाल्यापासून तिने त्याला अहो म्हटलं होतं. भांडणातसुद्धा.

"वास मलाही येत होता," ती म्हणाली. "तू स्वयंपाकघरात गेलास. मी कुठे जाऊन झोपणार होते?"

गादी खांद्यावर तशीच. मला काय माहीत होतं, असं काहीसं तो पुटपुटला. खरंच त्याला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं, आणि जिला माहीत होतं तिने सांगितल्यावर तिला टॉवेल वेगळा मिळाला.

"मी तुझा नवरा आहे," तो म्हणाला.

"म्हणूनच विचारते. हॉस्पिटलवाल्यांना हे विचारत नाही मी."

त्याने गादी भिंतीला टेकवली. पोरगी जागी झाली होती, तिला उचललं आणि दूध तयार करायला गेला. तो स्वयंपाकघरात पाणी गरम करताना मधेच थांबला, नळ सुरू ठेवून उभा राहिला, हे धाकटीला खोलीतून ऐकूनच कळलं. नळ बराच वेळ वाहत होता. ती उठली नाही. कपड्यांच्या घड्या संपल्या तेव्हा तिने पलंगावरची आपली उशी मधोमध ओढून घेतली आणि पडून राहिली. गादी दोन दिवस भिंतीलाच टेकून होती, मग एकदा केर काढताना तिनेच ती आडवी केली. पलंगाच्या शेजारी, जमिनीवर. तो तिथे झोपतो. तिने त्याला पुन्हा अहो म्हणायला सुरुवात केली आहे, माणसांसमोर.